देवगावचा तह आणि बी.एस्सी.चे जुने पुस्तक

१७ डिसेंबर १८०३. आडगावची लढाई हरलेल्या आणि गाविलगड गमावलेल्या दुसऱ्या रघूजी भोसल्यांनी देवगाव येथे ईस्ट इंडिया कंपनीशी तह केला. त्या तहाने वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख भोसल्यांच्या हातून गेला आणि निजामाच्या पदरात पडला. नदीच्या पश्चिमेस वणी राहिली, पूर्वेस वरोरा आणि चांदा.

या तहाचा बी.एस्सी. प्रथम वर्षाच्या रसायनशास्त्राच्या पुस्तकाशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध आहे, आणि तो पैशाचा आहे. हा थ्रेड त्याविषयी.

तहाने आखलेली ती रेघ दीर्घायुषी ठरली. १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड कंपनीच्या कारभाराखाली दिले. १८६१ मध्ये नदीपलीकडे मध्य प्रांत स्थापन झाला. १८६४ मध्ये वऱ्हाडच्या आग्नेय कोपऱ्याचा वेगळा जिल्हा झाला आणि त्याला वणीच्याच नावावरून 'वून' म्हणू लागले. कचेरी यवतमाळला होती. १९०५ मध्ये जिल्ह्याचे नावही यवतमाळ झाले. त्याआधी दोनच वर्षे, १९०३ मध्ये, वऱ्हाड मध्य प्रांताला जोडले गेले, आणि ४ ऑगस्ट १९२३ रोजी नागपूर विद्यापीठ स्थापन झाले तेव्हा दोन्ही काठ एका विद्यापीठाखाली आले. पुढील साठ वर्षे या टापूत जिथे जिथे विज्ञान महाविद्यालय निघाले, तिथे अभ्यासक्रम एकच होता. नागपूरच्या विद्यार्थ्याने वापरलेले पुस्तक चंद्रपुरात चालत होते आणि चंद्रपूरचे वणीत.

जुन्या पुस्तकांचा बाजार याच गोष्टीवर उभा असतो. पुस्तक विकत घेणारा पहिला विद्यार्थी पूर्ण किंमत देतो, दुसरा निम्मी आणि तिसरा पाव. परंतु हे तेव्हाच घडते, जेव्हा तिघांचाही अभ्यासक्रम एक असतो. तो जितक्या मोठ्या प्रदेशात आणि जितकी अधिक वर्षे टिकतो, तितके पुस्तक स्वस्त होत जाते.

१ मे १९८३ रोजी अमरावती विद्यापीठ सुरू झाले. बुलढाणा, अकोला, अमरावती आणि यवतमाळ हे वऱ्हाडचे चार जिल्हे त्याच्याकडे आले. चंद्रपूर नागपूरकडेच राहिले. विदर्भातील शिक्षणाचा पसारा पाहता वेगळ्या विद्यापीठाची मागणी न्याय्यच होती, याबद्दल वाद नाही. पण वणीच्या दृष्टीने वर्धा नदी पुन्हा सीमा झाली. अमरावती वणीपासून सुमारे दोनशे किलोमीटर. वरोरा आणि चंद्रपूर तासा-दीड तासाच्या अंतरावर. जवळच्या गावातील वरच्या वर्गाचा विद्यार्थी आता परक्या विद्यापीठाचा झाला आणि त्याच्या पुस्तकाचे निम्मे मोल गेले. २०११ मध्ये चंद्रपूर आणि गडचिरोलीसाठी गोंडवाना विद्यापीठ निघाले. तेव्हापासून वणीच्या आसपास तीन विद्यापीठांचे तीन अभ्यासक्रम नांदतात.

आता थोडे मागे जावे लागेल, कारण पुस्तकाचा खर्च कोणी सोसायचा हा प्रश्न मराठीतील विज्ञानाच्या पहिल्या पुस्तकांइतकाच जुना आहे.

१८२२ मध्ये मुंबईत 'बॉम्बे नेटिव्ह स्कूल बुक अँड स्कूल सोसायटी' उभी राहिली. इंग्रज अधिकारी आणि मुंबईतील धनिक यांच्या वर्गणीवर, आणि सरकारच्या मदतीवर, तिने मराठी व गुजराती पाठ्यपुस्तके छापली. कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांचे गणितावरील मराठी ग्रंथ याच उद्योगातून आले. शिळाछापाचे तंत्र तेव्हा नुकतेच मुंबईत आले होते. खिळे पाडण्याचा खर्च त्यात वाचत असे. पुढील दशकात हरि केशवजी यांनी जेन मार्सेट या इंग्रज लेखिकेची संवादरूप विज्ञानपुस्तके मराठीत आणली. त्यांत रसायनशास्त्रावरील संवादही होते.

या मूळ पुस्तकाची एक हकीकत इथे सांगण्यासारखी आहे. लंडनमधील एका बुकबाइंडरकडे १८०५ पासून उमेदवारी करणारा एक लोहारपुत्र बांधणीसाठी आलेली पुस्तके रात्री वाचून काढीत असे. मार्सेटबाईंचे रसायनशास्त्रावरील संवाद त्याने असेच वाचले. पुढे एका गिऱ्हाइकाने दिलेल्या तिकिटांवर तो हम्फ्री डेव्हीच्या व्याख्यानांना बसला, त्यांची टिपणे काढली, ती स्वतःच बांधली आणि डेव्हीकडे पाठवली. हा मायकेल फॅरडे. पुस्तक विकत घेण्याची ऐपत नसलेल्या मुलाने ज्या पुस्तकातून रसायनशास्त्र शिकले, तेच पुस्तक वर्गणीच्या पैशावर चालणाऱ्या मुंबईच्या शिक्षणव्यवहारातून मराठीत यावे, हा योगायोग खरा. पण दोन्हीकडे किंमत वाचकाखेरीज दुसऱ्याच कोणीतरी भरली होती, हा योगायोग नव्हे.

शालेय पुस्तकांपुरती ही परंपरा टिकली. २७ जानेवारी १९६७ रोजी स्थापन झालेली बालभारती हा तिचा थेट वारसा म्हणता येईल. महाविद्यालयात मात्र गोष्ट वेगळी होती.

नागपुरात १९०६ मध्ये व्हिक्टोरिया कॉलेज ऑफ सायन्स सुरू झाले. शिकवणे इंग्रजीत, पुस्तके इंग्लंडची, किमती शिलिंगात. त्यात आणखी एक अडचण होती. प्राणिशास्त्राच्या विलायती पुस्तकात जे गांडूळ होते ते विलायती होते. भारतीय गांडुळाची रचना वेगळी, त्यामुळे टेबलावरचा प्राणी आणि पुस्तकातील आकृती जुळत नसे. लखनौचे प्राध्यापक करम नारायण बहल यांनी १९२६ मध्ये 'फेरेटिमा' या भारतीय गांडुळावर स्वतंत्र पुस्तिका काढून 'इंडियन झूऑलॉजिकल मेमॉयर्स' ही माला सुरू केली, तेव्हा कुठे हा घोटाळा मिटू लागला. तोवर शिक्षकाने फळ्यावर काढलेली आकृती आणि तोंडी सांगितलेल्या नोट्स हेच खरे पाठ्यपुस्तक होते. वर्गात मजकूर उतरवून घेण्याच्या पद्धतीला आज नावे ठेवली जातात; तिच्या मुळाशी शिक्षकाच्या आळसापेक्षा पुस्तकाची किंमत अधिक होती, हे ध्यानात घेतले पाहिजे.

चाळीसच्या दशकात नागपूरने एक धाडसी प्रयोग केला. विद्यापीठाने मराठी आणि हिंदी माध्यमाचा मार्ग धरला, आणि डॉ. रघु वीर यांनी नागपुरात बसून विज्ञानाची संस्कृतोद्भव परिभाषा घडवली. ऑक्सिजनला 'जारक', हायड्रोजनला 'उदजन', नायट्रोजनला 'भूयाति'. शब्द व्याकरणशुद्ध होते, पण वर्गात ते रुळले नाहीत. बी.एस्सी. इंग्रजीतच राहिली आणि पुस्तकाचा प्रश्नही होता तिथेच राहिला.

स्वातंत्र्याच्या आगेमागे शुल्काचा अडसर मात्र हळूहळू दूर होत गेला. १९४४ मध्ये, डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना, अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. १९५९ मध्ये यशवंतराव चव्हाणांच्या सरकारने आर्थिकदृष्ट्या मागासांसाठी शुल्कमाफी आणली. वार्षिक बाराशे रुपयांच्या आतील उत्पन्नाची ती प्रसिद्ध 'ईबीसी'. खेड्यापाड्यांतील पहिली पिढी याच वाटेने महाविद्यालयात पोहोचली. परंतु माफी शुल्काची होती. पुस्तके, प्रात्यक्षिकाची जर्नल, लॉग टेबल, डिसेक्शन बॉक्स, ॲप्रन यांचे पैसे घरूनच यायचे होते. कला शाखेच्या विद्यार्थ्याला ग्रंथालय आणि मित्राच्या नोट्स यांवर निभावता येत असे. विज्ञानाच्या विद्यार्थ्याला प्रयोगशाळेच्या दारात वही आणि साहित्य घेऊनच उभे राहावे लागे. शुल्क माफ असूनही हुशार मुलाला घरचे लोक 'सायन्स परवडत नाही' म्हणत, ते या हिशेबामुळे.

आणि याच काळात स्वस्त पुस्तके आली. ती आली तीन दिशांनी, आणि तिन्ही वेळा त्यामागे शिक्षणापेक्षा मोठे राजकारण होते.

पहिली दिशा ब्रिटनची. १९६० च्या सुमारास ब्रिटिश सरकारने 'इंग्लिश लँग्वेज बुक सोसायटी' ही योजना काढली. मूळ प्रकाशकाचेच पुस्तक, तोच मजकूर, फक्त मुखपृष्ठावर 'ईएलबीएस'चे चिन्ह आणि किंमत मूळच्या साधारण तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत. फरक सरकार भरीत असे. साम्राज्य गेले होते. इंग्रजी पुस्तकाची बाजारपेठ आणि त्यामागची प्रतिष्ठा जाऊ द्यायची नव्हती. आर्थर व्होगेल यांचे परिमाणात्मक रासायनिक विश्लेषणावरील जाडजूड पुस्तक आणि आय. एल. फिनार यांचे सेंद्रिय रसायनशास्त्र भारतातील हजारो विद्यार्थ्यांनी या आवृत्तीतच पाहिले.

दुसरी दिशा अमेरिकेची. १९५४ च्या 'पब्लिक लॉ ४८०' अन्वये अमेरिका भारताला धान्य देई आणि त्याची किंमत रुपयांत घेई. हे रुपये भारतातच साचत गेले. रेशनवरील लाल गव्हाची आठवण महाराष्ट्रातील साठीपुढच्या पिढीला अजून आहे. त्याच व्यवहारातून साचलेल्या रुपयांवर अमेरिकी पाठ्यपुस्तके भारतात पुन्हा छापली गेली, हे फारसे कोणी सांगत नाही. १९६१ च्या सुमारास सुरू झालेल्या भारत-अमेरिका संयुक्त पाठ्यपुस्तक योजनेत भारतीय प्रकाशकांनी पातळ कागदावर आणि कच्च्या बांधणीत ही पुस्तके काढली. गव्हाची पोळी खाऊन गव्हाच्याच पैशावर छापलेले भौतिकशास्त्र वाचणारी ती पिढी होती, असे म्हटले तर अतिशयोक्ती थोडीच होईल.

तिसरी दिशा मॉस्कोची, आणि लोकांच्या मनात घर केले ते हिनेच. मीर प्रकाशनाची पुस्तके कापडी बांधणीची, जाड पुठ्ठ्याची, आणि तरीही काही रुपयांत मिळणारी. मुंबईत लोकवाङ्मय गृह आणि पीपल्स बुक हाऊस ती विकत. गावोगावच्या पुस्तक प्रदर्शनांत ती दिसत. इरोडोव यांची भौतिकशास्त्रातील उदाहरणे, ग्लिंका यांचे सामान्य रसायनशास्त्र, आणि प्रयोगशाळेसाठी सेमिशिन यांची प्रात्यक्षिके. या पुस्तकांचा दोषही सांगितला पाहिजे. ती सोव्हिएत अभ्यासक्रमासाठी लिहिलेली होती. नागपूर विद्यापीठाच्या प्रश्नपत्रिकेसाठी नव्हे. परीक्षेपुरते वाचणाऱ्याला ती उपयोगी पडत नसत. विषय समजून घेऊ पाहणाऱ्याला मात्र त्या किमतीत दुसरे काहीच मिळत नव्हते.

अशा रीतीने शीतयुद्धाच्या तीन बाजूंनी, लंडन, वॉशिंग्टन आणि मॉस्को, भारतीय विद्यार्थ्याच्या दप्तरासाठी चढाओढ केली. त्या चढाओढीत विद्यार्थ्याचा फायदा झाला, हे निःसंशय. पण ज्या स्वस्ताईचे कारण आपल्या हाती नसते तिचा शेवटही आपल्या हाती नसतो. डिसेंबर १९९१ मध्ये सोव्हिएत संघ विसर्जित झाला आणि मीरच्या पुस्तकांचा ओघ आटला. १९९७ मध्ये ब्रिटिश सरकारने ईएलबीएसचा पैसा थांबवला.

भारताने स्वतः काही केले नाही, असे नाही. कोठारी आयोगाच्या शिफारशींनंतर १९६८ च्या सुमारास केंद्राने विद्यापीठीय पुस्तके प्रादेशिक भाषांत काढण्यासाठी प्रत्येक राज्याला एक कोटी रुपयांपर्यंत साहाय्य देऊ केले. महाराष्ट्राने त्यासाठी जे मंडळ नेमले त्याचे ठाणे नागपुरात होते : महाराष्ट्र विद्यापीठ ग्रंथनिर्मिती मंडळ. मानव्यविद्यांपासून विज्ञानापर्यंत अनेक विषयांची मराठी पाठ्यपुस्तके त्याने तज्ज्ञांकडून लिहवून घेतली. इतिहास किंवा राज्यशास्त्र मराठीत शिकणाऱ्यांना ती उपयोगी पडली. विज्ञानाच्या पुस्तकांचे दैव निराळे होते. ज्या शाखेत शिकवणे, प्रात्यक्षिकाची जर्नल आणि उत्तरपत्रिका सारेच इंग्रजीत, तिथे मराठी पुस्तक कितीही स्वस्त असले तरी ते दुसरे पुस्तक ठरते. आणि गरीब विद्यार्थी दुसरे पुस्तक घेत नाही. मंडळाच्या विज्ञानग्रंथांवर दर्जाचा ठपका ठेवण्याआधी ही गोष्ट लक्षात घ्यायला हवी. पुस्तक आले, पण ते ज्या वर्गासाठी होते तो मराठी माध्यमाचा विज्ञानवर्ग आलाच नाही.

मोकळी झालेली जागा भारतीय प्रकाशकांनी घेतली. एस. चंद ही दिल्लीची संस्था १९३९ पासून होतीच. ब्रिजलाल आणि सुब्रह्मण्यम यांचे प्रकाशशास्त्र, बहल आणि बहल यांचे सेंद्रिय रसायनशास्त्र, सी. एल. अरोरा यांचे बी.एस्सी. प्रात्यक्षिक भौतिकशास्त्र ही नावे विदर्भातील कोणत्याही विज्ञान पदवीधराला ओळखीची वाटतील. ही पुस्तके परवडणारी होती आणि देशभर चालत होती, म्हणून त्यांचा जुना बाजारही मोठा होता. तो बाजार पुढे आक्रसला तो प्रत्येक विद्यापीठासाठी, आणि पुढे प्रत्येक सत्रासाठी, काढलेल्या 'नवीन अभ्यासक्रमानुसार' या पातळ पुस्तकांनी. नव्या पुस्तकाची किंमत कमी दिसते. पण ते दोन वर्षांनी रद्दीच्या भावाने जाते, म्हणून खऱ्या हिशेबात ते महाग पडते. हजार रुपयांचे पुस्तक पाचशेला विकले गेले तर खर्च पाचशेचाच होतो. सहा सत्रांची सहा पातळ पुस्तके कोणी परत घेत नाही.

याच सुमारास झेरॉक्सचे दुकान हे महाविद्यालयाच्या फाटकाबाहेरचे दुसरे ग्रंथालय झाले. त्याच्या कायदेशीरपणाचा फैसला दिल्लीत झाला. ऑगस्ट २०१२ मध्ये ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी दिल्ली विद्यापीठ आणि त्याच्या आवारातील रामेश्वरी फोटोकॉपी या लहानशा दुकानावर दावा लावला. १६ सप्टेंबर २०१६ रोजी उच्च न्यायालयाने तो फेटाळला. डिसेंबरमध्ये खंडपीठाने, काही मुद्दे पुन्हा तपासायला लावून, शिक्षणासाठी आवश्यक तेवढ्या उताऱ्यांच्या संचाला कायद्यात जागा आहे हे तत्त्व मान्य केले. मार्च २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावाच मागे घेतला. हा निकाल अभ्यासक्रमाला लागणाऱ्या उताऱ्यांचा आहे. अख्ख्या पुस्तकाची झेरॉक्स काढून विकण्याचा परवाना म्हणून त्याचा अर्थ लावला जातो, तो चुकीचा आहे.

त्याच्या तीन वर्षे आधी, १९ मार्च २०१३ रोजी, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एक निकाल दिला होता. सुपाप किर्तसेंग हा थायलंडचा विद्यार्थी अमेरिकेत शिकत असताना घरच्यांकडून आशियातील स्वस्त आवृत्त्या मागवून तिथे विकत असे. वायली या प्रकाशकाने त्याच्यावर दावा केला आणि सहा विरुद्ध तीन मतांनी तो हरला. पुस्तकाच्या मागच्या पानावर 'विक्री फक्त भारत, नेपाळ, बांगलादेश...' अशी ओळ असते, तिच्यामागे केवढी किंमत-दरी आहे ते या खटल्याने जगाला दाखवले. निकालानंतर भारतातील स्वस्त आवृत्त्यांचे पुढे काय होणार, अशी चिंता येथील ग्रंथपालांना वाटली ती यामुळेच.

प्रात्यक्षिकाच्या पुस्तकाचा इतिहास याहून निराळा आहे, आणि काटकसर करू पाहणाऱ्याला तो अधिक उपकारक आहे. रेमिगियस फ्रेझेनियस या जर्मन रसायनज्ञाने १८४१ मध्ये गुणात्मक विश्लेषणाचे पुस्तक काढले. अज्ञात क्षारातील धातू गटागटाने वेगळे करण्याची रीत त्याने शिस्तीत बसवली. सॉल्ट ॲनालिसिसचे ते गट आजही वणीच्या लोकमान्य टिळक महाविद्यालयापासून कोणत्याही महाविद्यालयाच्या टेबलावर तेच आहेत. व्हीटस्टनचा सेतू १८४३ चा. न्यूटनची वलये त्याच्या १७०४ च्या 'ऑप्टिक्स' ग्रंथातली. म्हणजे सिद्धान्ताचे पुस्तक दर काही वर्षांनी शिळे ठरत असताना प्रात्यक्षिकाचे पुस्तक पन्नास वर्षे जुने असले तरी चालते. ब्यूरेटचे वाचन कसे घ्यावे, चूक कुठे शिरते, द्रावण प्रमाणित का करावे, हे व्होगेलच्या जुन्या आवृत्तीत आजच्या कित्येक छापील मॅन्युअलपेक्षा नीट सांगितलेले आहे. आणि ती प्रत बहुतेक महाविद्यालयांच्या कपाटात धूळ खात असते.

बदलते ते जर्नल. तयार छापलेली, रिकाम्या जागा भरायची प्रात्यक्षिक पुस्तिका अलीकडची. पूर्वी कोऱ्या पानांची एकाआड एक रेघी वही असे. उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण हे विद्यार्थी स्वतः लिही, आणि वरच्या वर्गाची जुनी जर्नल नमुन्याला समोर ठेवी. ती पद्धत स्वस्त होती. तीत नक्कलही भरपूर चाले, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण छापील पुस्तिकेने नक्कल थांबलेली नाही. लिहिण्याचे श्रम तेवढे कमी झाले आणि दरवर्षी नवी पुस्तिका घेणे आले, कारण भरलेली पुस्तिका पुढच्याला देता येत नाही.

२०२४-२५ पासून महाराष्ट्रातील संलग्न महाविद्यालयांत नव्या शैक्षणिक धोरणानुसार अभ्यासक्रम लागू झाले. त्याच वर्षी जुलैमध्ये केंद्राने 'अस्मिता' प्रकल्प जाहीर केला : पाच वर्षांत भारतीय भाषांत २२ हजार विद्यापीठीय पुस्तके. नागपूरच्या ग्रंथनिर्मिती मंडळासमोर जो प्रश्न होता तोच याही पुस्तकांसमोर राहील; वर्गात आणि उत्तरपत्रिकेत कोणती भाषा चालणार, यावर त्यांचा खप ठरेल. पदवीच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला त्यासाठी थांबता येत नाही. त्याच्यापुढे अमरावतीचा नवा अभ्यासक्रम आहे, वर्धेपलीकडे गोंडवाना विद्यापीठाचा आहे, नागपूरचा तिसरा आहे. तिन्हींतील घटकांची नावे आणि क्रम वेगळे आहेत. उष्मागतिकीचे नियम, कार्बनी संयुगांच्या अभिक्रिया आणि टायट्रेशन एकच आहे. वरोऱ्याच्या एखाद्या विद्यार्थ्याचे जुने पुस्तक घेण्याआधी वणीच्या विद्यार्थ्याने दोन अभ्यासक्रमपत्रिका शेजारी ठेवून घटक जुळवून पाहिले, तर मुखपृष्ठावरच्या विद्यापीठाच्या नावाखाली त्याला बव्हंशी तेच रसायनशास्त्र सापडते.